सात्यांचा पहिला घास

मंडळी, टीव्हीवर पाहून आज मीटलोफ केला. खिम्याचा लांबट गोळा ओव्हनमधे भाजला अन् वरून साय घातलेली मशरूमची ग्रेव्ही. नागभीडात डब्यातले मशरूम कुठी मिळते? म्हणून बाजारातून सात्या, म्हणजे आपले जंगलातले मशरूम, आणल्या.

ताटं वाढली, पण कोणीच हात लावेना. आमच्या घरी सात्यांचा पहिला घास सासूबाई खायच्या, बाकी सारे थांबायचो. मले तो वडीलकीचा मान वाटे. त्या गेल्यावर आज पहिल्यांदाच सात्या शिजल्या.

नवऱ्यानं ताट ओढलं. "आता घरात मीच मोठा."

"थांबा जी, मी आणल्या, मी खाते."

"तू नाई." त्यांनी ग्रेव्हीत बुडवलेला मोठा घास तोंडात टाकला अन् पोरांची ताटं झाकून ठेवली.

तेव्हा मले कळलं, तो मान नव्हता. एखादी विषारी निघालीच, तर आपल्यावरच निभावावं, म्हणून सासूबाई आधी खायच्या.

आता हे बाजूलेच बसले आहेत अन् मी टाइप करून राह्यली. घडीघडी विचारते, "पोटात दुखते काय?"

"चव काऊन नाई विचारत?" म्हणतात.

तुमच्या घरी पहिला घास कोण खाते? अन् काऊन, हे कधी विचारलं काय?