डेअरीच्या फळ्याची अश्विनी

विंझरच्या दूध डेअरीला दर्शनी भिंतीवर एक फळा आहे. फळा म्हणजे लाकडाचा नव्हे हो. भिंतीवरच सिमेंटाचा गुळगुळीत चौकोन काढलाय आणि त्याला काळं फासलंय. एरवी त्यावर 'सरकी पेंड आली', 'गुरांचे डॉक्टर शुक्रवारी येतील' असलं काहीबाही कुणीही खरडतं. पण सणाच्या दिवशी तो फळा अश्विनीचा. अकरा वर्षं झाली, पाडवा असो, नागपंचमी असो, दिवाळी असो, दुसऱ्या कुणी खडूला हात लावला नव्हता.

बाई तशी साधी. माहेर भोंगवलीचं, शिक्षण दहावी, नवरा ज्ञानू शेतकरी, गोठ्यात चार जनावरं. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं. भात लाव म्हटलं की लाव, शेण काढ म्हटलं की काढ. एकदा डेअरीच्या सेक्रेटरीचा हात मोडला आणि दसरा तोंडावर आलेला. चेअरमन आनंदरावांनी रांगेकडं बघून विचारलं, "कुणाचं अक्षर बरं हाय का रं?" अश्विनीनं किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि आपट्याची पानं काढून असं काही 'दसरा' लिहिलं, की वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली. त्या दिवसापासून ती ज्ञानूची बायको राहिली नाही, फळेवाली अश्विनी झाली. बाईमाणसाला गावात स्वतःच्या नावानं ओळख मिळणं काय सोपं असतं व्हय?

आणि मग शेफाली आली.

धाकट्या दिराची, कुमारची बायको. धायरीला एका रेडियमच्या दुकानात कामाला होती. रेडियम म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटवर आकडे चिकटवतात ना, तो चिकट रंगीत कागद. मोबाईलवर अक्षरं जुळवायची, मशिनीत कागद घालायचा, पातं खर्रखर्र फिरतं आणि अक्षर कापून बाहेर. आजूबाजूचा फाजील कागद सुईनं उचकटून टाकायचा, की झालं. लग्नात लोक मिक्सर आणतात, फ्रिज आणतात. या बयेनं ते मशीन आणलं. दोन वर्षांत पंचक्रोशीतले सगळे टेम्पो तिच्या 'आई-बाबांचा आशीर्वाद'नं भरून गेले.

अश्विनीच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं. पण खोटं कशाला बोलू, ती आधीपासूनच जळत होती. सासू भामाबाई तिला हाक मारायची "अगं ए", आणि धाकटीला "शेफाली बाळ". धाकटीनं चहात साखर जास्त टाकली तर "गोड हात हाय पोरीचा", आणि हिनं टाकली तर "साखर काय तुज्या बापाची?" धाकटीचे केस कमरेपर्यंत, धाकटीचा नवरा तिच्या पाठीमागनं किटल्या उचलत येणार. जावाजावा, हेवादावा म्हणतात ते उगाच नव्हे. तरी अश्विनी मनाला समजवायची, असू दे, फळा आपला हाय. तिथं कुणाची मशीन चालत न्हाई.

यंदा दसरा झाल्यावर डेअरीला चुना दिला. चुना देणाऱ्यानं घाईघाईत फळ्यावरही चार ब्रश ओढले आणि फळा पांढराफटक करून टाकला. दिवाळी आली तशी अश्विनी आनंदरावांकडं गेली. म्हणाली, "तात्या, वसुबारसच्या आदी फळा काळा कराया पायजे. म्या करते."

"करच की," आनंदराव म्हणाले. "मी रंगाचा डबा आणून ठेवलाय. तू झ्याक काळा करून दे. अक्षरं यंदा तुजी जाऊबाई लावनार हाय. रेडियमची! पिवळीधमक! पुसायची न्हाईत, पावसानं जायची न्हाईत. तुजाबी तरास वाचला."

त्रास! अकरा वर्षांत एकदा तरी ही बाई त्रास म्हणाली होती का? तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण आनंदराव वडीलधारे, काय बोलणार? डबा उचलला आणि घरी आली. वाटेत तिला एकच दिसत होतं. वसुबारसच्या सकाळी सगळं गाव किटल्या घेऊन उभं आहे, वर शेफालीची पिवळी अक्षरं आहेत, आणि आपण खाली, इतर बायांसारख्या, रांगेत. उद्या कुणी विचारलं फळेवाली कोण, तर बोट धाकटीकडं जाणार. मग आपण कोण? अगं ए!

मग तिच्या डोक्यात ते आलं. डब्यातला रंग ऑइलचा, त्यावर रेडियम जो बसेल तो निघायचा नाही. पण तिच्या माहेरच्या शाळेत फळा काळा करायला रंग कुठं होता? बॅटरीचे जुने सेल फोडायचे, आतली काळी पूड काढायची, भोपळ्याच्या पाल्याचा रस घालून कालवायची आणि चिंधीनं फासायची. दिसायला काळाभोर. खडू त्यावर झकास उठतो. पण हात लावला की हाताला येतं, आणि दव पडलं की अजूनच सुटतं. त्यावर चिकट कागद काय धरणार, कप्पाळ!

डबा तिनं सरपणामागं सरकवला. सेल फोडले, पाला ठेचला आणि भर दुपारी सगळ्यांदेखत फळा काळा केला. आनंदराव लांबून म्हणाले, "वा! नुस्ता आरसा." ती गालात हसली.

वसुबारसच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेफालीनं अक्षरं लावली. एवढंच नाही, गाय आणि वासरूही कापून आणलं होतं, वासरू गाईच्या कासेला लागलेलं. अश्विनीनं ते बघितलं आणि तिला रडू येईल असं वाटलं. इतकं सुरेख होतं ते. खडूनं तिला गाय कधी जमली नव्हती. तिची गाय नेहमी म्हशीकडं झुकायची. "ताई, कसं दिसतंय?" शेफालीनं विचारलं. "बरं हाय," ही म्हणाली, आणि मनात म्हणाली, पडू दे मेलं, सकाळपतूर सगळं पडू दे.

वसुबारसला आमच्याकडं बाया दुधाचा थेंब तोंडात घेत नाहीत, पण डेअरीला घालायला कुणाची ना नसते. त्यामुळं गर्दी असणारच होती. अश्विनी त्या दिवशी मुद्दाम सगळ्यांच्या आधी निघाली. उजाडत होतं, गवत दवानं ओलं होतं. तिला ती पडलेली अक्षरं एकटीनं, डोळे भरून बघायची होती.

बघते तर शेफाली तिच्याही आधी हजर. ओंजळीत पिवळ्या अक्षरांचा चिवडा. उरलेली दोन-चार अक्षरं ती नखानं उचकटत होती. अश्विनीनं फळ्याकडं बघितलं आणि तिच्या हातातली किटली कलली.

रेडियम सुटला होता खरा, पण जाताना पाठीला काळं घेऊन गेला होता. आणि काळ्याखाली होता चुना, पांढराशुभ्र. काळ्या फळ्यावर पांढरी कोरलेली अक्षरं, एकेक वेलांटी रेखीव. गाय पांढरी, वासरू पांढरं. पिवळ्या कागदाला ती कळा नव्हती. करायला गेली एक आणि झालं भलतंच!

शेफालीनं मागं वळून बघितलं. हाताची काळी झालेली बोटं पुढं केली. "ताई, तात्यांचा डबा सरपणामागं आहे. मी काल सकाळीच बघितला. म्हटलं, कागदाबरोबर काळंही निघून येईल."

अश्विनीनं कललेली किटली सावरली. तेवढ्यात लोक आले. आनंदराव आले, भामाबाई आली, आणि एकच गलका झाला. मोबाईल निघाले. "अगं, हे केलं कसं?" आनंदरावांनी विचारलं.

आता सांगणार, अश्विनीला वाटलं. सांगणार आणि माझी शोभा करणार. तिनं डोळे मिटून घेतले.

"ताईंनी सुचवलं," शेफाली म्हणाली. "काळं कच्चं ठेवायचं, वर कागद लावायचा आणि सकाळी काढून घ्यायचा. मला कुठलं एवढं सुचतंय!"

टाळ्या पडल्या. भामाबाईनं तर थोरलीच्या पाठीवर हात फिरवला, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. दुसरी कुणी असती तर शरमेनं मान खाली घातली असती, जावेचे पाय धरले असते. अश्विनीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. केस तिचे लांब, गाय तिची सुरेख, सासू तिची, आणि आता चांगुलपणाही तिचाच? वाचवलं म्हणून जन्मभर हिच्या उपकारात राहायचं? न्हाई म्हणजे न्हाई!

"खोटं बोलतीया ती!" अश्विनी ओरडली. "म्या काय सुचवलं न्हाई. तात्या, तुमचा डबा म्या लपवला. हिची अक्षरं पडावी म्हनून सेलची पूड फासली. मला सोसत न्हाई ती. तिचं कायबी चांगलं झालेलं मला सोसत न्हाई. आता ऐकलं?"

शेफालीचं तोंड उघडं राहिलं. मग आनंदराव मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या मागं सगळी रांग हसली.

"बगितलं का?" आनंदराव म्हणाले. "धाकट्या जावेला मान मिळावा म्हनून बाई सोताच्या नावाला काळं फासून घेतीया! असं मन पायजे."

"अवो, खरंच सांगते..."

"गप ग," भामाबाईनं डोळे पुसले. "लई सोसलंस तू. मला कळलं न्हाई इतकी वर्सं. मोठी ती मोठीच."

"मोठी ती मोठीच," मागची बाई म्हणाली. मग तिच्या मागची. सगळ्या अश्विनीभोवती गोळा झाल्या. एकीनं तिच्या हातातली किटली घेतली, आनंदरावांनी खडूची पेटी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पाडव्याला तूच लिव."

शेफाली बाजूला राहिली. गाय तिची होती, वासरू तिचं होतं, तीन दिवस मशीनपुढं बसून एकेक अक्षर तिनं कापलं होतं. हातात चुरगळलेला पिवळा कागद घेऊन ती त्या घोळक्याकडं बघत होती. तिचे ओठ आवळलेले होते आणि नाकपुड्या थरथरत होत्या.

अश्विनीनं बायांच्या डोक्यांवरून ते तोंड बघितलं आणि चटकन ओळखलं. दोन वर्षं रोज हेच तोंड घेऊन ती स्वतः चुलीपुढं बसत होती. तिला दया यायला हवी होती, आणि आलीही असेल कुठंतरी तळाशी. पण आधी तिला बरं वाटलं. लई बरं वाटलं.