चॅपलमधली दाद

इथे परदेशात दर गुरुवारी संध्याकाळी ग्रँड कॅनाल डॉक भागातलं ऑफिस सुटलं की मी चालत कॉलेजच्या चॅपलमध्ये जायचे. माझी रूममेट तिथल्या क्वायरमध्ये गायची. पुण्याहून आई फोनवर विचारायची, "चर्चमध्ये काय करतेस गं?" "गाणं ऐकते," मी सांगायचे. खरं म्हणजे ही रूममेट कधी बेसूर होते ते बघायला जायचे.

क्वायरची ऑडिशन आम्ही दोघींनी एकाच दिवशी दिली होती. मी शाळेपासून शास्त्रीय शिकलेली. हिने नागपुरात गणपतीच्या आरतीपलीकडे तोंड उघडलेलं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत गेले. क्वायरचे मास्तर हसून म्हणाले, "सुंदर! पण इथे असं घसरायचं नाही. प्रत्येक स्वर सरळ हवा." जी मींड घोटण्यात माझी वर्षं गेली, ती इथे चूक ठरली. हिचा सरळसोट आवाज मात्र त्यांना हवाच होता. नुसती सोबत म्हणून आलेली बया निवडली गेली! माझा नुसता जळफळाट झाला.

एका गुरुवारी पहिल्यांदाच तिला एकटीला काही ओळी होत्या. ऑर्गन थांबला. तिने वरचा स्वर लावला आणि तसाच धरून ठेवला, ना कंप, ना हरकत. सगळं चॅपल त्या एका स्वराने भरून गेलं. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "वा!"

तिथे कुणी टाळीसुद्धा वाजवत नाही. पुढच्या बाकावरच्या आजीबाई मागे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूममेट मात्र स्वर संपवून गालातल्या गालात हसत होती.

बाहेर पडताच तिने नागपूरला फोन लावला. "आई, झोपली नाहीस ना? अगं, हिने मला भर गाण्यात वा म्हटलं! हिला गाण्यातलं कळतं गं!"

मी शेजारून चालत होते. पुण्यात मी किती बैठकांत गायले. लोक टाळ्या वाजवायचे, चहा घेताना "छान झालं हं" म्हणायचे. पण माझं गाणं चालू असताना, न राहवून, कुणाच्या तोंडून वा निघालेलं मी अजून ऐकलेलं नाही. तिला ते पहिल्याच वेळी मिळालं, आणि तेही माझ्याकडून.