शास्त्राच्या बाई आणि लव्हाळा

आमच्या शास्त्राच्या बाई रस्त्याने जाताना माणसांपेक्षा जमिनीकडे जास्त बघायच्या. ओळखीचं कुणी भेटलं तरी लक्ष नसायचं, पण भिंतीच्या कडेला अनोळखी रोप दिसलं की पाय थांबलेच.

भोईवाड्यातल्या आमच्या शाळेमागे मातीचं छोटं मैदान होतं. आम्ही गिरणी कामगारांच्या मुली तिथे हुतूतू खेळायचो. एका पावसाळ्यात ते लव्हाळ्याने भरून गेलं. उपटला की पुन्हा हजर. त्यावरून घसरून एका मुलीचा पाय मोडला, तेव्हा शाळेच्या कमिटीने फरशी घालायचं ठरवलं. म्हणजे आमचा खेळ संपलाच. बाईंनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

त्यांनी लव्हाळा खणून दाखवला. खाली काळ्या गाठी, एकीला दुसरी जोडलेली. "वरचं उपटून काय होणार गं? औषध खालीच द्यायला हवं," त्या म्हणाल्या. औषध बाईंच्या शेतकी कॉलेजातल्या भावाकडून आलं. माझे वडील गिरणीत फिटर होते, त्यांनी टोकदार लोखंडी नळी करून दिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाळा बंद होती, तेव्हा बाईंनी काम उरकलं. मैदानाभोवती दोर बांधलेला, आम्हाला त्याच्या आत यायची बंदी. नळी वीतभर खोल रोवायची, औषध सोडायचं, भोक लगेच टाचेने बुजवायचं. वरून पाणी, म्हणजे औषधाची विषारी वाफ मातीतच कोंडते. बाहेरून मोर्चा गेला की बाई मान वर न करता "झालाच पाहिजे" पुटपुटायच्या.

लव्हाळा वाळला. पण आमच्या आया हबकल्या. विषाच्या मातीत पोरी लोळणार? बाई चिडल्या नाहीत. शंका रास्त आहे म्हणाल्या आणि मैदानभर मेथी पेरली.

"मेथी जगली तर मुली खेळतील. नाहीतर फरशी घाला, असं मीच सांगेन."

मेथी उगवलीच नाही. कमिटीचे अध्यक्ष फरशीचं माप घेऊन गेले. कोंडलेली वाफ निघून जावी म्हणून बाईंनी माती उकरून मोकळी केली, तिला उन्हं खाऊ दिली, पुन्हा पेरलं. दिवाळीच्या तोंडावर मैदान कोवळ्या मेथीने हिरवंगार झालं. लव्हाळ्याची एक पात नव्हती.

त्या थंडीत आम्ही तिथेच वरळीच्या संघाला हरवलं. अध्यक्ष बाईंसाठी हार घेऊन उभे होते. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आमच्यावरच चढाई केली. एका दमात दोघींना बाद करून परतल्या, मगच हार घेतला.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी बाई नागपूरला शिकवायला गेल्या. निरोपाच्या दिवशी शिपायाने मैदानात सतरंज्या आणून ठेवल्या होत्या. आमच्या आयांनी त्या पसरूच दिल्या नाहीत. सगळ्या मातीतच बसल्या.