ऐकणाऱ्याची चूक

शरयू आठल्येला मी पहिल्यांदा माझा मोबाइल नंबर सांगितला, तेव्हा तिने तो वहीत लिहिला नाही की फोनमध्ये घातला नाही. भिंतीकडे बघत ती पुटपुटायला लागली. पहिले दोन आकडे, मग तेच उलटे, मग तीन, मग ते तीन उलटे, मग पुन्हा सरळ. असं करत करत ती दहाव्या आकड्यापर्यंत पोचली आणि म्हणाली, "झालं. आता मेले तरी विसरत नाही." मला वाटलं, पोरगी जरा सटकलेली दिसते. संध्याकाळी घरी जाऊन आईला हसत हसत सांगितलंही. आई हसली नाही. "आठल्यांची ना ती? ब्रह्मा घाटावरच्या घनपाठ्यांची? मग रक्तातच असणार," एवढंच म्हणाली. त्या वाक्यापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आमचे बाबा रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन बनारसला आले तेव्हा मी नववीत होते. म्हणजे आम्ही उपरे, आणि शरयूचं घराणं सात पिढ्यांचं काशीकर. तिचे वडील अण्णा घनपाठी, म्हणजे वेदातले शब्द नुसते ओळीने नव्हे, तर पुढे-मागे उलटसुलट फिरवून म्हणणारे. पिढ्यान्‌पिढ्या एक अक्षर हलू नये म्हणून ही सगळी यातायात. घरातच त्यांची छोटीशी पाठशाळा होती. मुलींना तिथे शिकवत नसत. पण शरयू लहानपणी वरच्या जिन्यात बसून भाजी निवडायची आणि खाली चाललेली संथा कानात जायची. कुणी न शिकवता तिला ते सगळं येत होतं. मला काय येत होतं? मला दिवसाला सहा तास अभ्यास करता येत होता.

एका गोष्टीत मात्र मी वरचढ होते. माझं मराठी शुद्ध होतं. तिचं मराठी म्हणजे गल्लीतला काला. "मला मालूम आहे", "जल्दी चल", "तू फालतूत परेशान होतेस". मी दर वेळी तिला सुधारायचे आणि ती दर वेळी गोड हसून म्हणायची, "बरोबर. तू टोकत जा मला." टोकल्याचा राग न येणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. त्यांच्याशी भांडायचं तरी कसं?

कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत आमची जोडी लागली. तिथे प्रोग्राम टाकायचा तो एका किटवर, बोटांनी. सोळा बटणं, आणि प्रत्येक आज्ञेचा दोन अक्षरी कोड. शंभर कोडांत एक चुकला की पुढचं सगळं मुसळ केरात. बाकीच्या जोड्या तासभर चूक शोधत बसायच्या. शरयूने पहिल्याच दिवशी माझ्या हातात पेन्सिल दिली.

"हे बघ मिनू, आमच्या पाठशाळेत दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, दुसरा ऐकतो. म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्याने जमिनीवर बोटाने टिचकी मारायची. बोलायचं नाही, फक्त टिचकी. तू पेन्सिलीने मार."

"आणि ऐकणारा झोपला असेल तर?"

"खरंच ऐकू आलं नसेल तर माफ. पण ऐकून गप्प बसला, तर गलती म्हणणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याची. मग अण्णा त्याला म्हणतात, पहिल्यापासून म्हण. सगळं. बाकीचे सगळे बसून ऐकतात."

हे "पहिल्यापासून म्हण" शरयूचं पालुपद होतं. कुणाचं प्रेमप्रकरण मोडलं, कुणाचा पेपर वाईट गेला, कॅन्टीनवाल्याने चहात साखर घातली नाही, काहीही असो, ती समोर मांडी ठोकून बसायची आणि म्हणायची, "आराम से. पहिल्यापासून म्हण." आणि खरंच ऐकायची. मुली तिच्याकडे रांग लावायच्या. माझ्याकडे कुणी नोट्स सोडून दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याच वर्षी सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ऐन मोक्याला वीज गेली. दोन मिनिटांत आली, पण तोवर सगळ्यांच्या किटमधले प्रोग्राम पुसले गेले होते. एकच हलकल्लोळ झाला. एक जण तर रडायलाच लागला. शरयूने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि कागदाकडे न बघता पहिल्या कोडापासून शेवटच्यापर्यंत बटणं दाबत गेली. टिचकी मारायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. मिश्रा सर तिच्या मागे उभे राहून बघत होते. "वाह बिटिया," ते म्हणाले, "ये तो खुद ही मेमरी है." सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले. माझ्या नाकाला काय मिरच्या झोंबल्या होत्या ते माझं मला ठाऊक.

पुढे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग हा विषय आला. त्यात कन्व्होल्यूशन नावाचं एक प्रकरण आहे. आकड्यांची एक ओळ घ्यायची, ती उलटी करायची, मग दुसऱ्या ओळीवरून एकेक घर सरकवत न्यायची आणि प्रत्येक ठिकाणी गुणाकार करून बेरीज घ्यायची. ती ओळ उलटी का करायची हे अर्ध्या वर्गाला कधीच कळलं नाही. मी तीन पुस्तकं वाचली, चार रविवार घालवले. आणि शरयू पहिल्याच तासाला माझ्या कानात कुजबुजली, "अगं, हे तर घरचंच आहे." त्या दिवशी मी तिच्याबरोबर चहाला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिने संध्याकाळी घरी येऊन माझ्या आईला अमृतांजन दिलं. आई आठवडाभर तिचे गोडवे गात होती.

शेवटच्या वर्षी बंगळूरच्या एका कंपनीने कळवलं की आमच्या विभागातून एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला घेऊ. एकच जागा. तिथून बहुतेकांना नोकरी मिळतेच, असं सर म्हणाले. प्रत्येकाने आपापला प्रकल्प करून दाखवायचा आणि त्यावरून निवड. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, मी ती मनात केव्हाच घेऊन टाकली होती. कुठली बॅग, कुठले कपडे, सगळं ठरलेलं होतं. शरयूलाही ती हवी होती. अण्णांनी तिला सांगून ठेवलं होतं, "तुझ्या विद्येने तुला बोलावलं तर जा. नाहीतर इथलंच स्थळ बघू." दुर्गाघाटावरचं एक स्थळ येऊन बसलेलंच होतं. "मिनू, मी आजपर्यंत अलाहाबादच्या पुढे गेले नाही," ती म्हणाली होती. "एवढं एकच दार आहे गं."

तिचा प्रकल्प ऐकून मला झोप लागेना. पाठ चालू असताना एखादा शब्द गाळला गेला तर ओळखणारं यंत्र. बरोबर म्हटलेल्या शब्दाचा नमुना यंत्रात ठेवायचा, तो चालू आवाजावरून सरकवत न्यायचा, आणि जुळला की दिवा लागेल. नाही जुळला तर शब्द गळला. माझा प्रकल्प होता गोंगाट गाळण्याचा. दरवर्षी चौघे-पाच जण करतात तोच, फक्त माझा नीटनेटका होता.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी रिकाम्या वर्गात आम्ही एकमेकींचे प्रोग्राम ऐकायला बसलो. आधी मी वाचला. तिने दोनदा टिचकी मारली. दोन्ही खऱ्या चुका होत्या. एक तर अशी, की यंत्र सुरूच झालं नसतं. मग ती वाचू लागली. समोर मी, हातात पेन्सिल.

ती नमुना सरकवण्याच्या ओळीपाशी आली. तिथे तिने नमुना शेवटच्या घरापासून मागे मोजत आणला होता. म्हणजे उलटा केला होता. कन्व्होल्यूशनमध्ये उलटा करतात. पण इथे तिला दोन आवाज जुळवून बघायचे होते, आणि जुळवताना नमुना सरळच ठेवायचा असतो. उलटा शब्द सरळ शब्दाशी जुळेल कसा? जन्मभर उलटसुलट म्हणणाऱ्या घरातल्या मुलीचा हात सवयीने मागे वळला होता. तिने यंत्र तपासलं होतं तेही एक, दोन, तीन, दोन, एक असे आकडे घालून. पुढून वाचा, मागून वाचा, सारखेच! त्यामुळे चूक दिसलीच नव्हती. अण्णांच्या खऱ्या आवाजाचं रेकॉर्डिंग तिला त्याच सकाळी मिळालं होतं. आपला पाठ यंत्रात घालायला नको म्हणून ते महिनाभर नाही म्हणत होते. आणि प्रयोगशाळा उद्यापर्यंत बंद.

माझी पेन्सिल वर गेली. खरंच सांगते, आपोआप गेली. आणि मी ती वरच धरली. मनात आलं, हिला सगळं फुकटात मिळालंय. जिन्यात बसून, भाजी निवडता निवडता. एकदा तरी हिचं चुकू दे. ती पुढच्या ओळीवर गेली. मी पेन्सिल हळूच मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात अण्णांचा आवाज घुमला. खणखणीत, स्वच्छ. दिवा लागला नाही. शरयूने पुन्हा लावला. नाही. मिश्रा सर म्हणाले, "बेटा, ये तो कुछ पकड़ ही नहीं रहा." तिला दहा मिनिटं दिली. तिने डोळे मिटून सगळा प्रोग्राम मनात म्हणून पाहिला, पण पाठ होताना चूकही पाठ झाली होती. ती तिला सापडेना. शेवटी तिने तारा काढल्या, गुंडाळल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "तुझा मस्त होईल, बघ," म्हणाली. माझा मस्त झाला. तिने शोधून दिलेल्या दोन चुका काढल्यावर तो होणारच होता.

जागा मला मिळाली. बंगळूरला निघायच्या दिवशी ती कँट स्टेशनवर आली. हातात साटोऱ्यांचा डबा, अण्णांकडून आशीर्वादाचा नारळ. आईबाबा पाण्याच्या बाटल्या आणायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मिनू, गलती सापडली. काल सरळ केलं नि दिवा लागला. उलटं ठेवलं होतं गं मी. आदत."

"अरेरे," मी म्हणाले.

ती जरा वेळ माझ्या हाताकडे बघत होती. "त्या दिवशी तू पेन्सिल उचलली होतीस असं मला वाटलं."

"माशी होती," मी म्हणाले.

"म्हणजे तुला ऐकू आलं नव्हतं?"

"नाही."

"मग ठीक," शरयू म्हणाली. "मग गलती माझीच." आणि तिने माझ्या हातातली पिशवी घेऊन दारातून आत सरकवली. गाडी हलली तेव्हा तिने हात केला. मीही केला. बंगळूरपर्यंत मी साटोरीचा एक तुकडासुद्धा खाल्ला नाही, आणि उतरताना तो डबा शेजारच्या बाईंना देऊन टाकला.

तिचं लग्न दुर्गाघाटावर झालं. मी गेले नाही, रजा मिळत नाही असं कळवलं. आता ती तिथल्याच एका कॉलेजात मायक्रोप्रोसेसर शिकवते. तिचे विद्यार्थी परीक्षेआधी जोडीजोडीने समोरासमोर बसतात आणि बाकावर टिचक्यांचा नुसता पाऊस पडतो, असं माझी आई कौतुकाने फोनवर सांगते. अण्णा गेले. त्यांच्या पाठशाळेत आता शरयूचं यंत्र आहे, शब्द गळला की दिवा विझतो. आणि जिन्यात बसणाऱ्या मुली आता खाली बसतात. ते तिने कसं जमवलं देव जाणे. मी इथे बारा माणसांवर साहेब आहे, पण माझ्या हाताखालचा एक तरी माणूस माझ्यासमोर मांडी ठोकून मनातलं बोलेल का? नाव नको. मला अजून तिचा हेवा वाटतो. आधी तिच्या पाठांतराचा वाटायचा, आता वाटतो तो त्या "मग ठीक"चा. इतक्या सहज मला ते कधीच म्हणता आलं नसतं.

ती अजून दर दिवाळीला फोन करते. माझा नंबर तिला पाठ आहेच. दर वेळी मी पेन्सिलीपर्यंत येते आणि फराळाचं विचारून फोन ठेवते. म्हणून यंदा हे लिहून काढलं, शुद्ध मराठीत, आणि पहिल्यांदा तिलाच पाठवते आहे. मला ऐकू आलं होतं, शरयू. माशी नव्हती. समोर बस आणि बोट जमिनीवर ठेव. जिथे मी चुकेन तिथे टिचकी मार. मी पहिल्यापासून म्हणते.