एक पांढरं

रक्षिता हिरेमठच्या अंगावर काळं जॅकेट चढलं ते एका संध्याकाळपुरतं.

"खांद्यात सैल आहे, मॅडम."

"असू दे. आज अंगाला नाही, कामाला बसतंय का ते बघायचंय," अरुणा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या कमरेला वॉकीटॉकी अडकवली.

अरुणा मॅडम हॉटेलच्या मॅनेजर. हॉटेल कोल्हापुरात, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. खाली मटणाचा हॉल, वर शाकाहारी हॉल, त्याच्याही वर राहायच्या खोल्या. दोन हॉल, दोन किचन, आणि दोन्हीकडच्या वेटरांवर कॅप्टन मात्र एकच. आधीचा कॅप्टन पुण्याला निघून गेला तेव्हापासून मॅडम रक्षिताला त्या जागेसाठी तयार करत होत्या. आज शेवटची परीक्षा. मॅडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहणार, सगळं बघणार आणि एक शब्द बोलणार नाहीत. निभावलं तर जॅकेट तिचं. नाही तर जॅकेट खुंटीला आणि रक्षिता परत ट्रे उचलायला.

रक्षिता कोडोलीची. वारणानगरला बी.कॉम. झाली आणि इथं दारात 'या, बसा' म्हणायला लागली. दारात उभी राहून हसायचं, एवढंच काम. गालफडं दुखायची. एक दिवस तिनंच मॅडमना सांगितलं, "मला आत घ्या. बाहुली बाहेर दुसरी ठेवा." आत आल्यावर पहिले काही दिवस खालच्या हॉलमध्ये ती श्वास रोखून चालायची; घरात अंड्याचं टरफलही न आलेली लिंगायताची पोर. आई, दानम्मा, अजून फोनवर विचारायची, "रक्षिता, तू वाढतीस म्हणजे नेमकं काय वाढतीस गं?"

"वरच्या हॉलमधलं, आई."

"आणि खालचं?"

"खालचं दुसरे वाढतात." हे खोटं होतं. पण कॅप्टन झाली की खरं होणार होतं, कारण कॅप्टन वाढत नाही. मॅडमनी हे तिच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं होतं: "ट्रे उचललास की तुला दोनच हात. नुसती बघत राहिलीस तर हॉलमधले सगळे हात तुझे. पळायचं नाही, ओरडायचं नाही, फ्लोअर सोडायचा नाही."

सगळ्या हातांत सर्वांत तयार हात संगमेशचे. एका हातावर तीन ताटं कशी पेलायची ते रक्षिताला त्यानंच शिकवलं होतं. गेल्या वर्षी हीच परीक्षा त्यानं दिली आणि एका गिऱ्हाइकाशी भांडून घालवली. आज ती जॅकेट घालून समोर आली तेव्हा त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शोभतंय की, कॅप्टनबाई."

"अण्णा, चेष्टा नको. आज सांभाळून घ्या."

"आम्ही कोण सांभाळणार? तुम्ही सांगायचं, आम्ही पळायचं."

सहा वाजून गेले असतील. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, दिवस कुठं आहे त्याचा पत्ता नाही. तेवढ्यात जिन्यावरून गोमटेश पाटील आईचा हात धरून खाली उतरले. नृसिंहवाडीच्या पलीकडच्या गावचे जैन शेतकरी. आईच्या, बाळाबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन कालच झालेलं, म्हणून वर खोली घेऊन राहिले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीच अधू. चातुर्मास चालू. दुपारी गोमटेशनी खोलीतून फोन करून खोदून खोदून विचारलं होतं, आणि फोनवर रक्षिताच होती. "वरचं किचन वेगळं आहे, काका. भांडी वेगळी, माणसं वेगळी. मी शब्द देते."

आता वरच्या हॉलमध्ये सात नंबरच्या टेबलावर आईला बसवता बसवता ते म्हणाले, "त्या फोनवरच्या तुम्हीच काय? मग तुमच्यावरच सोडलं. दिवस बुडायच्या आत आईचं जेवण उरकाया पायजे. एकदा बुडाला की पाण्याचा थेंब घेणार न्हाय ती. आणि डोळ्याची गोळी हाय, ती काय तरी खाल्ल्याबिगार घ्यायची न्हाय."

"भात, साधं वरण सांगते. आणखी?"

"ठसका लागता कामा न्हाय, डॉक्टरनं बजावलंय. तिला पांढरंच काय तरी द्या. दूध म्हणा, ताक म्हणा, भातावर घालाया."

पांढरं. रक्षिताच्या घरीही हाच शब्द होता. ताप आला, पोट बिघडलं, की दानम्मा म्हणायची, आज हिला पांढरंच द्या. तिनं कमरेची वॉकीटॉकी उचलली. जिन्याच्या तोंडाशी अरुणा मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा नेटक्या आवाजात रक्षिता बोलली, "वर, सात नंबर. भात, वरण, एक पांढरं. लवकर."

वरच्या किचनमध्ये झुंबरबाईंनी भात-वरण ताटात घेतलं; 'पांढरं' त्यांच्याकडे नसायचंच. खालच्या किचनमध्ये केरबानं तेच ऐकलं. केरबा गेली कैक वर्षं रस्सा करतो. त्याच्या राज्यात पांढरं एकच, पांढरा रस्सा. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध. वरच्या खोल्यांमध्ये तर तो रोजच जायचा, त्यामुळे 'वर' ऐकून केरबाला काही वेगळं वाटलं नाही. त्यानं पितळी वाटी भरली, वर झाकण ठेवलं आणि संगमेशच्या हातात दिली. "वर, सात नंबर."

वॉकीटॉकी खरखरली. संगमेशचा आवाज. "वर सातला पांढरं? नक्की का, कॅप्टन?"

रक्षिताच्या कानाची पाळी तापली. सगळा स्टाफ ऐकत होता. मॅडम ऐकत होत्या. ह्यानं आजच, आत्ताच शंका काढायची होती?

"सांगितलंय तेवढं करा."

पुन्हा खरखर. मग, "कॅप्टन सांगतील ते."

तिला बरं वाटलं. आवाज न चढवता माणूस गप्प केला होता.

ताट आलं. संगमेशनं वाटी ताटाच्या कडेला ठेवली, झाकण काढलं आणि वळला. गोमटेश फोनवर कुणाला तरी ऑपरेशनची हकिकत सांगत होते. बाळाबाईंनी हातानं चाचपून वाटी शोधली आणि भातावर तिरकी केली. पांढरा ओघळ भातात मुरला. त्या बोटांनी कालवायला लागल्या.

रक्षिता खिडकीजवळच्या टेबलाचं पाणी बघत होती. तिथून तिची नजर सहज सातवर गेली आणि वाटीवर अडकली. पितळी. वरच्या हॉलमध्ये सगळी भांडी स्टीलची; पितळेची वाटी या मजल्यावर यायचं कारणच नव्हतं. पुढच्या क्षणी वासही आला, लवंगेचा आणि त्याखालचा, ज्या वासासाठी ती कितीतरी दिवस श्वास रोखून चालली होती.

पळायचं नाही. ओरडायचं नाही. ती पळाली नाही, पण चार टेबलं तिनं कशी ओलांडली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. म्हातारीचा घास उचलला गेला होता. रक्षितानं तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो तसाच खाली ताटात दाबून धरला.

"कोण ते?" बाळाबाई दचकल्या.

"मी, आजी. थांबा. खाऊ नका."

मागून संगमेश जवळ आला आणि कानाशी पुटपुटला. त्याचाही चेहरा उतरला होता. "दूध नासलंय म्हण. वाटी उचल आणि चल. ह्यास्नी काय दिसतंय?"

खरंच काय दिसत होतं? एक डोळा झाकलेला, एक अधू, लेक फोनवर. वाटी उचलली असती, भात बदलला असता, कुणालाही कळलं नसतं. किंवा अजून सोपं, संगमेशकडे बोट दाखवायचं. वाटी त्यानंच ठेवली होती. जिन्याच्या तोंडाशी मॅडम हलल्या नव्हत्या. त्याही जैनच, आणि इतक्या लांबूनही त्यांना पितळ ओळखू येत असणार.

तिच्या हाताखाली म्हातारीची बोटं होती, त्या भातानं भरलेली. वाटी उचलून ती बोटं धुतली जाणार नव्हती.

"अव्वा," घरी आजीला मारायची ती हाक तोंडात आली. ती खाली वाकली, "हे मटणाच्या पाण्याचं आहे. चूक माझी. तुमचं पांढरं वेगळं, किचनचं पांढरं वेगळं. मी नीट सांगितलं नाही."

गोमटेशच्या हातातला फोन टेबलावर आदळला.

"काय म्हणालीस?"

"काका, तोंडात गेलेलं नाही. हाताला लागलंय."

"शब्द दिलतीस न्हवं फोनवर? वेगळं किचन, वेगळी माणसं? मालकाला बोलीव तुझ्या. आत्ता." सगळा हॉल वळून बघायला लागला. "चातुर्मासात माझ्या आईला… आई, ऊठ."

"गोमटेश, आवाज कमी कर. डोळ्याला ताण येतोय," बाळाबाई म्हणाल्या. हात त्यांनी ताटापासून लांब, हवेत धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "पोरी, तुझ्या घरात खात्यात काय?"

"नाही, आजी. कोडोलीचे हिरेमठ आम्ही."

"मग ह्याला कशी ओळखलीस?"

"वासानं. अजून सवय झाली नाही."

म्हातारीनं दुसऱ्या हातानं ताट लांब सारलं. मग म्हणाली, "जेवण आता आज सोडलं. पण ह्यो मला गोळीपायी रात्रभर छळणार. दिवस हाय का अजून?"

गोमटेशनी खिडकीतून आभाळ बघितलं, मग मोबाइलवर वेळ बघितली. "हाय थोडा."

"मग माझा हात धुवून दे आणि एक पेला दूध आण. पेला तू घास, दूध तू तापीव, तूच घेऊन ये. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाय."

त्याच वेळी कमरेला खरखर झाली. "कॅप्टन, खाली मोठी पार्टी आलीया. टेबलं जोडू काय? कॅप्टन?"

फ्लोअर सोडायचा नाही. रक्षितानं मॅडमकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. परीक्षेच्या ऐन मध्यात कॅप्टन पेला घासायला आत गेली, तर निकाल काय लागेल ते वाचायला चेहरा लागतही नव्हता.

तिनं कमरेची वॉकीटॉकी सोडवली आणि संगमेशच्या हातात ठेवली.

"अण्णा, फ्लोअर तुमचा. खाली आणि वर, दोन्ही."

"अगं, मी? मॅडम हायत तिथं."

"असू देत. तुम्ही मघाशी विचारलं होतं, नक्की का म्हणून. मी तोंड दाबलं तुमचं. आता बोला."

म्हातारीचा हात तिनं बेसिनवर तीनदा धुतला. आत झुंबरबाईंनी जागा करून दिली, न विचारता. पेला राखेनं घासायची चाल आता कुठली. साबणानं घासला, उकळत्या पाण्यातून काढला. दूध वर येईना. गॅस मोठा केला तरी येईना. भिंतीपलीकडून संगमेशचा आवाज येत होता, खणखणीत, पण चढलेला नाही: "टेबलं जोडू नका, मागची मोठी द्या. केरबा, पार्टीला रस्सा आधी सोडा." दूध एकदाचं फुगलं. तिनं ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतून निववलं आणि पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीनंच पेला धरून बाहेर आली.

गोमटेश खिडकीशी उभे. "आटपा," एवढंच म्हणाले.

बाळाबाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला, हुंगला, आणि प्यायला सुरुवात केली. हळूहळू. हॉलमधल्या कुणाला काय, पण रक्षिताला त्या गळ्याची प्रत्येक हालचाल दिसत होती. गोळी गेली. उरलेलं दूध गेलं. पेला टेबलावर टेकला तेव्हा ढगांत कुठंच उजेड बदलला नाही. फक्त गोमटेशनी मोबाइल खिशात टाकला.

"झालं," ते म्हणाले. मग, तिच्याकडे न बघता, "सकाळी खोलीत काय पाठवायचं ते तुम्हीच बघा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास न्हाय. तुमच्यावर बी न्हाय, पण आईचा हाय."

गर्दी ओसरल्यावर मॅडमनी तिला बोलावलं.

"फ्लोअर सोडलास."

"हो."

"त्याच्या आधी माणसाला विचारू दिलं नाहीस. मला फ्लोअर सोडल्याचं इतकं नाही वाटत, रक्षिता. 'सांगितलंय तेवढं करा' याचं वाटतं. माझी आई असती त्या खुर्चीत, तर?"

 रक्षितानं जॅकेटची बटणं काढली. बाहीवर दुधाचा डाग होता.

"धुवून खुंटीला लाव. दिवाळीनंतर पुन्हा बसायचं परीक्षेला. तोपर्यंत संगमेश बघेल."

"अण्णा बसतील परीक्षेला?"

"दोघंही बसा. जागा एकच आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. रक्षिता पांढऱ्या शर्टात, ट्रे घेऊन, वरच्या किचनच्या दाराशी उभी राहिली. आत झुंबरबाई भात घोटत होत्या. वॉकीटॉकी संगमेशच्या कमरेला होती. एक जादाची त्यानं सकाळीच तिच्या हातात दिली होती.

"वर, खोलीत, पाटलांची आजी," संगमेश बोलला. तो तिच्यापासून चार पावलांवर होता, तरी बटण दाबूनच बोलला. "दूधभात. वरच्या किचनमधला. स्टीलची वाटी." मग थोडं थांबून, "म्हणून दाखवा, कॅप्टनबाई."

खालून केरबा हसल्याचं ऐकू आलं. झुंबरबाईंनी वाटी ट्रेमध्ये ठेवली. रक्षितानं ट्रे एका हातावर घेतला आणि बटण दाबलं.

"दूधभात. वरच्या किचनमधला. स्टीलची वाटी," ती म्हणाली. "नक्की का, अण्णा?"

"नक्की," संगमेश म्हणाला. "ने आता. निवतोय."