पिशवी काढायची आहे

एकशे अठरा किलोंवरून मी सहासष्टवर आले, त्याला अडीच वर्षं लागली. गुडघे आणि शुगर या दोघांनी मिळून मला घराबाहेर काढलं. रोज सकाळी रामघाटापर्यंत चालत जायचं, चालत यायचं, भात एक वाटी आणि पोह्यांबरोबर जिलेबी नाही. उज्जैनमध्ये राहून सकाळची जिलेबी सोडणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. वजन उतरल्यावर भेटेल तो "कसं केलंस?" असं विचारी. उरलेल्या कातडीचं काय केलंस, हे एकानेही विचारलं नाही. ती कपड्यांच्या आत असते, त्यामुळे लोकांच्या लेखी ती नसतेच.

माझी होती, आणि भरपूर होती. दंडांची कातडी एवढी सैल की ब्लाउजच्या बाहीत हात घालताना ती वेगळी आत सारावी लागे. पण खरा ताप पोटाचा. बेंबीखालची कातडी ओटीपोटावरून खाली लोंबायची आणि तिच्याखाली घडी पडायची. एप्रिल-मेमध्ये त्या घडीत घाम साचे, आधी लाल होई, मग सोलवटून निघे, आणि वासही येई. आंघोळीनंतर ती उचलून धरून मी पंख्याखाली उभी राहायची. मग हेअर ड्रायर गार हवेवर, मग पावडर, मग मलमलची दुमडलेली पट्टी. शाळेत गणिताचे तीन तास घेतले की टॉयलेटमध्ये जाऊन पट्टी बदलायची. परकराची नाडी घडीच्या वर बांधली तर खालचा भाग मोकळा हलायचा, खाली बांधली तर रुतायची. कुशीवर झोपले की पोट माझ्या शेजारी वेगळं पडलेलं असे.

बारीक झाल्यावर हौसेने भैरवगढच्या छपाईचं कापड आणलं आणि देवास गेटजवळच्या माझ्या जुन्या टेलरकडे कुर्ता शिवायला टाकला. दोनदा उसवून शिवला तरी पुढून नीट बसेना. तिसऱ्यांदा मी चढ्या आवाजात बोलले, तेव्हा त्याने टेप गळ्यात टाकली आणि म्हणाला, "मैडम, झोल कपड़े में नहीं है।" पुढचं वाक्य त्याने सभ्यपणे गिळलं. मी दिवसभर धुमसत होते. बावन्न किलो कमी करूनही मीच वाकडी, कापड सरळ.

आमच्या खोलीत नवऱ्याने आणि मी त्या लोंबत्या भागाला 'पिशवी' म्हणायला सुरुवात केली होती. पावडर लावताना मी ती ज्या तऱ्हेने उचलते ते पाहून त्याला भाजीची पिशवी आठवली, एवढंच कारण. शब्द चिकटला. "आज पिशवी कशी आहे?" "खाजतेय." असं बोलता यायचं, आणि लाज वाटायची नाही. इंदूरच्या सर्जनने तपासून स्पष्ट सांगितलं की व्यायामाने ही कातडी आवळणार नाही, कापावीच लागेल. टाका कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दोन नळ्या काही दिवस, पट्टा काही महिने, आणि दीड महिना काही उचलायचं नाही. मी तिथेच हो म्हणाले. परतताना गाडीत नवऱ्याने विचारलं, "आईला काय सांगायचं?" तेव्हा माझं हो जरा ढिलं पडलं.

सासूबाई वाईट नव्हेत. पण टीव्हीवर कुठल्याशा नटीच्या ऑपरेशनची बातमी आली होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "भले-चंगे शरीर चिरून घ्यायचे, नखरे आहेत नुसते." त्यांच्या घराण्यातले पुरुष कैक पिढ्यांपूर्वी दरबारच्या चाकरीत इथे आले. माझे वडील बँकेच्या बदलीने आले. त्यामुळे माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटते आणि त्यांची मला अर्धी हिंदी. वीस वर्षं आम्ही एकमेकींशी बरं वागलो होतो, आणि बरं वागणं म्हणजे बरंचसं न बोलणं असतं. दीड महिना त्या माझ्या हातात ताट आणून देणार होत्या. ते नखऱ्यांसाठी द्यावं लागतंय असं त्यांना वाटलं असतं, तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मला त्या बाईच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

मग चैत्राचं हळदीकुंकू आलं. कैरीची डाळ, पन्हं, दहा-बारा जणी. मी ट्रे फिरवत होते. एका काकूंनी माझा दंड चिमटीत धरून म्हटलं, "किती वाळलीस गं! चेकअप करवलंस का?" आमच्याकडे बारीक झालेल्या बाईला आधी आजार चिकटवतात. मी वैतागून म्हणाले, "तब्येत ठीक आहे, काकू. पुढच्या महिन्यात इंदूरला जाऊन पिशवी काढायची आहे, बस."

सगळ्या जणी माझ्या पोटाकडे बघायला लागल्या.

मी हिंदीत बोलले असते तर काही झालं नसतं. हिंदीत बच्चेदानी वेगळी आणि थैली वेगळी. पण हळदीकुंकवाला मराठीच बोलायचं हा सासूबाईंचा नियम, आणि मराठी बायकांत पिशवी काढायची म्हटलं की भाजीची पिशवी कोणाच्या मनात येणार!

"अगं बाई," काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "वय काय तुझं? त्रेचाळीसच ना?" दुसरीने विचारलं, "गाठी आहेत का?" तिसरी हळूच म्हणाली, "अंगावरून फार जातं का गं?" मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला, खांद्याला धरून मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "मला सांगितलं का नाहीस? बस तू. आता काही उचलायचं नाही."

मी बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अडीच वर्षं मी घाम गाळत होते आणि लोक कौतुक करत होते, पण 'बस' असं कोणी म्हणालं नव्हतं. मी तोंड मिटलं.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात आरामाचा आणि सगळ्यात लाजिरवाणा. कणीक मळायला मला मनाई. बादली उचलायची नाही, पोछा मारायचा नाही. ऑपरेशननंतर कंबर धरू नये म्हणून सासूबाईंनी आधीच डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला. बावन्न किलो उतरवलेल्या बाईसाठी डिंकाचे लाडू, तेही सढळ तुपातले! नवरा डबा बघून पोट धरून हसला. मी म्हटलं, "सांग ना त्यांना." तो म्हणाला, "पिशवी तुझी, तू सांग." आणि लाडू खात बसला.

निघायच्या आठवडाभर आधी, दुपारी, आम्ही दोघी गहू निवडत होतो. सासरे आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. सासूबाई ताटाकडे बघतच म्हणाल्या, "माझी काढली तेव्हा मी एकोणचाळीसची होते. आठव्या दिवशी पाण्याच्या बादल्या उचलल्या. नळ एकदाच यायचा ना. टाका ओला झाला, तर घरचे म्हणाले, होतं असं. 'बस' म्हणून कोणीच म्हटलं नाही मला." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हणून तुला म्हणते, तू आरामात बस."

आजवर मी फक्त एक खोटं वागवत होते. त्या क्षणी कळलं की मी त्यांच्या हातून त्यांचंच काहीतरी काढून घेत होते. जे त्यांना मिळालं नव्हतं ते त्या मला देत होत्या, आणि मी ते खोट्या नावावर घेत होते.

"आई," मी म्हणाले, "माझी ती पिशवी नाहीये."

त्यांना कळेना. बोलून समजेलसं वाटेना, म्हणून मी उठले, आतलं दार लोटलं आणि कुर्ता वर केला. नवरा आणि डॉक्टर सोडले तर कोणी ते पाहिलं नव्हतं. मी पट्टी काढली. खाली सालटं निघालेली लाल जागा होती. सासूबाई जवळ आल्या, चष्मा सारखा केला आणि गव्हाच्या पिठासारख्या कोरड्या हाताने ती घडी उचलून पाहिली, जशी बाळाच्या मांडीची बघतात.

"हे कापणार?"

"हो."

"आणि आतलं?"

"आतलं काही नाही. नुसती कातडी."

त्यांनी घडी हलकेच खाली सोडली. मी पुढे बोलत राहिले, घाम, वास, शाळेतलं टॉयलेट, टेलर, सगळं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पूरी कॉलनी तुझ्यासाठी जप करतेय." आणि गव्हाचं ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण ताट ठेवताना आवाज व्हायचा. कणीक मळायची मनाई आपोआप उठली. मी कणीक मळली, आणि मला रडू आलं. ऑपरेशनचं भय नव्हतं, पण ही बाई आता मला कायमची लबाड समजणार याचं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, तारीख रद्द कर. त्याने केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात त्यांच्या जुन्या मऊ साडीच्या कापून, धुऊन, वाळवलेल्या पट्ट्या होत्या. "तुझी मलमल खरखरीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यानेच छिलतंय. आणि मी येणार इंदूरला. नळ्या-बिळ्या त्याच्याने बघवणार नाहीत." 'त्याच्याने' म्हणजे त्यांच्या मुलाने. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले तर म्हणाल्या, "नाटक नको. अजून राग आहे मला."

कॉलनीला त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

इंदूरला हॉस्पिटलच्या काउंटरवर गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली, माझ्याकडे न बघता मागे नजर टाकली आणि म्हणाली, "हसबैंड कौन हैं? भैया, यहाँ साइन कर दीजिए। पेशंट का ऊपर वार्ड में ले लेंगे।" नवऱ्याने सवयीने हात पुढे केला. पेन त्याच्या हातात जाण्याआधी सासूबाईंनी ते काढून घेतलं.

"पेट किसका है?" त्यांनी त्या मुलीला विचारलं.

मुलगी गोंधळून हसली. "अम्माजी, फॉर्मेलिटी है।"

"मेरे टाइम भी फॉर्मेलिटी थी." त्या ओरडल्या नाहीत. भाव विचारावा तितक्या साध्या आवाजात बोलत होत्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मी गाठ काढायला गेले होते. नुसती गाठ. सही तुझ्या सासऱ्यांनी केली. पिशवी पण काढली, हे मला घरी आल्यावर, महिन्याने समजलं. पाळी येईना म्हणून मीच विचारलं तेव्हा."

नवऱ्याने हे कधी ऐकलं नव्हतं. पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. मागच्या माणसाने "जल्दी करो" म्हटलं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सासूबाईंनी पेन माझ्या हातात दिलं आणि कागदावर जागा दाखवायला त्या मुलीला सांगितलं. "पहले इसको पढ़ने दो," त्या म्हणाल्या. "पूरा."

मी तिथेच उभी राहून चारही पानं वाचली. त्या माझ्या शेजारी, माझी पर्स काखोटीला धरून उभ्या होत्या. शेवटच्या पानावर मी सही केली, आणि त्या वाकून ती सही बराच वेळ बघत राहिल्या.