मागील सभेचे इतिवृत्त

बाई भाषण वाचून दाखवायच्या तेव्हा त्यातले कंससुद्धा वाचायच्या. "आपले विरोधक या देशाचे शत्रू आहेत, कंसात टाळ्या, आता त्यांना सोडायचं नाही, कंसात आरडाओरडा." आवाज इतका सपाट की रेशनच्या दुकानातली यादी वाचतायत असं वाटावं. अमेरिकेतल्या कुठल्याशा मैदानात ज्या वाक्यावर हजारो माणसं उठून नाचली होती, ते वाक्य संध्याकाळी साडेपाचला नेरूळच्या बागेतल्या बाकावर अगदी केविलवाणं होऊन जायचं.

बाईंची सगळी नोकरी सभागृहात भाषणं टिपून घेण्यात गेली. पुढारी बोलणार नि बाई लघुलिपीत उतरवून घेणार, मराठी असो की इंग्रजी. निवृत्तीनंतर बोटं आखडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी हात चालता ठेवायला सांगितलं. दुसरं कुणी लोकर आणली असती. बाईंनी वह्या आणल्या, कानात फोनची बोंडं घातली आणि अमेरिकेतली भाषणं उतरवून काढायला बसल्या. अमेरिकाच का, असं मी विचारलं होतं. "इथले सगळे ओळखीचे गं," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायच्या आधीच कळतं काय बोलणार ते. मग हात आळसावतो."

बागेतल्या त्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सातआठ जण जमायचे आणि बहुतेकांचं एकेक पोर अमेरिकेत होतं. त्यामुळे आपल्या वॉर्डात कोण उभं आहे हे कुणाला धड सांगता येत नसे, पण तिकडच्या दोन पक्षांवरून रोज जुंपायची. पक्षांची नावं कट्ट्याने त्यांच्या चिन्हांवरून पाडली होती. एक हत्तीवाले, एक गाढववाले. माझा भाऊ तिकडे हत्तीच्या बाजूचा, म्हणून बाबा हत्तीवाले. काकांची मुलगी तिकडे नर्स, ती गाढवाच्या बाजूची, म्हणून काका गाढववाले. तिकडे मत द्यायचा हक्क एकालाही नव्हता, पण बोलणं सगळं "आमचं बहुमत" नि "तुमचे चोर" असं. एकदा "आपण हरलो" म्हणून बाबा जेवले नव्हते. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले.

काका म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. ते मूळचे इथल्या गावातले. बाबांना नवी मुंबईत घर लागलं पण ताबा मिळत नव्हता, तेव्हा मुंबईतली खोली सोडून आम्ही दीड वर्ष काकांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहिलो. मी पहिलं पाऊल टाकलं ते त्यांच्या ओट्यावर. अलीकडे बाबांच्या डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचं तेवढं दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. मी ऐरोलीला नोकरी करते, घरी यायला साडेसात होतात. त्यामुळे बाबांची संध्याकाळ काकांवर अवलंबून होती. सव्वापाचला काका खालून हाक मारायचे, बाबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रस्ता ओलांडायचे आणि दिवसातलं पहिलं मोठ्याने बोलणं तिथे बोलायचे.

शनिवारी सुट्टी असली की मीही जायची, ती बाईंसाठी. मला त्या फार आवडायच्या. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही आमच्या घराण्याची रीत. बाई आधी ऐकायच्या, मग लिहायच्या, मग फार तर वाचून दाखवायच्या. भाषेचा दर्जा घसरलाय म्हणून गळा काढणारा एक पुढारी त्याच भाषणात समोरच्यांना किडे म्हणाला, तेव्हा त्यांनी वहीची पानं उलटून पाहिली. "सभ्यतेपासून किड्यांपर्यंत दीड पान," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे निदान चहाची सुट्टी व्हायची मध्ये."

एकदा त्यांनी वक्त्याचं नाव न सांगता दोन भाषणांचा सारांश सांगितला. पहिल्याचं म्हणणं असं की निवडणूक तोंडावर असताना सर्वोच्च कोर्टात न्यायाधीश नेमणं हा जनतेवर अन्याय आहे, आधी लोकांना कौल देऊ द्या. दुसऱ्याचं म्हणणं, नेमणूक करणं हे कर्तव्य आहे आणि ते टाळणं म्हणजे राज्यघटनेचा अपमान. "पहिला कोण?" बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, गाढववाला, त्यात विचारायचं काय. काका म्हणाले, हत्तीवालाच. "दोघंही बरोबर," बाई म्हणाल्या. चार वर्षांच्या अंतराने दोन्ही पक्षांनी दोन्ही भाषणं केली होती, तितक्याच तळतळाटाने. मधल्या काळात खुर्च्या तेवढ्या बदलल्या होत्या. कट्टा हसला, काका सगळ्यांत जास्त. बाबा म्हणाले की तरीसुद्धा आमचे जरा कमी खोटं बोलतात.

भांडण झालं तोही शनिवारच होता. तिकडे कुणीतरी बाहेरून आलेल्या लोकांवर आग ओकली होती आणि भावाने ती क्लिप बाबांना पाठवली होती. बाबा म्हणाले, घुसखोरांना हाकललंच पाहिजे, घर ज्याचं त्याचं. काका आधी चेष्टेतच म्हणाले, "तुजा पोरगा तिकरं कंचा मूळ रहिवासी हाय?" बाबांना ते झोंबलं. ते म्हणाले, "माझा मुलगा कागदपत्रं घेऊन गेलाय. तुझी मुलगी देशद्रोह्यांच्या मोर्च्यात फिरते. हेच शिकवलंस तिला?" काका उभे राहिले. "तू मुंबईशी आलास तवा मी दार लावला व्हता का? आमची शेती गेली, मिठागरा गेली, त्यावं तुमची घरां झाली. आमी कोनाला घुसखोर बोललो?"

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही, असं मी पुढचे तीन आठवडे सगळ्यांना सांगत होते.

त्या तीन आठवड्यांत खालून हाक आली नाही. माझ्यासोबत चला म्हटलं तर बाबा म्हणत, पाय दुखतात. दिसत नसलेल्या टीव्हीसमोर बसून ते तिकडच्या बातम्या मोठ्या आवाजात ऐकत राहायचे. हळूहळू दाढी करणं लांबलं. सुट्टीच्या दिवशी मी पाहायची, संध्याकाळी पाच वाजले की मात्र ते आंघोळीहून आल्यासारखे नीट बसायचे, सहा वाजले की पुन्हा सैल व्हायचे. भावाला फोन केला तर तो म्हणाला, एवढं मनावर काय घेतात? त्याचा शेजारी कट्टर गाढववाला होता आणि कालच त्याने भावाला विमानतळावर सोडलं होतं. मला इतका संताप आला की मी फोन ठेवून दिला. आग लावणारे तिकडे सुखात नांदत होते आणि होरपळून निघाला होता आमचा म्हातारा.

शेवटी मी बाईंच्या घरी गेले. काकांना समजवा म्हटलं, वडीलधारे आहेत, त्यांनी एक पाऊल मागे घ्यावं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी समजवत नाही गं, मी वाचते," त्या म्हणाल्या. "काकांनी कधी इतिवृत्त कायम केल्याशिवाय सभा सुरू केलेली पाहिलीयस?"

नव्हती पाहिली. काका ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी होते. कुठल्याही सोसायटीच्या सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बाकीचे तेव्हा जांभया देतात. काका देत नसत. मागे एकदा सहलीची बस खाली उभी करून त्यांनी आधीच्या सहलीच्या सभेचं इतिवृत्त वाचून घेतलं होतं. बाईंनी त्यांना एवढंच कळवलं की त्या शनिवारची नोंद त्यांच्याकडे आहे, ती कायम व्हायची राहिली आहे आणि एक सदस्य डोळ्यांमुळे येऊ शकत नाही, तरी सभा त्यांच्या घरी घ्यावी.

रविवारी अकराला काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पाणी घेतलं नाही. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि भिंतीकडे पाहत राहिले. बाबा नेहमीप्रमाणे मान वाकडी करून नजरेच्या कडेने त्यांना पाहायचा प्रयत्न करत होते. बाईंनी चष्मा लावला.

"सदस्य क्रमांक एक: घुसखोरांना हाकललंच पाहिजे, घर ज्याचं त्याचं. सदस्य क्रमांक दोन: तुझा मुलगा तिकडे कुठला मूळ रहिवासी आहे? कंसात हशा."

तोच आवाज. काकांची बोली तेवढी छापील झाली होती, बाकी एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मुलीचं आलं, मोर्च्याचं आलं, मिठागरांचं आलं. हजारो मैलांवरच्या पुढाऱ्यांची वाक्यं त्या आवाजात विनोदी वाटायची. ही वाटेनात. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली होती. काका भिंतीवरून खाली जमिनीकडे पाहायला लागले होते.

"सदस्य क्रमांक एक यांची कन्या," बाईंनी वाचलं. "काका, तुम्हा गाववाल्यांना सगळ्यांवर उपकार केल्यासारखंच वाटतं. कंसात शांतता. सभा विसर्जित."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नुसतं पान उलटलं. मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी कट्टा बाबांमुळे मोडला नव्हता की काकांमुळे. म्हातारे रोज भांडायचे नि रोज जुळायचे. माझ्या वाक्यानंतर काकांनी चपला घातल्या होत्या. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी अमेरिकेला शिव्या देत सगळ्या गावाला 'आठवत नाही' असं सांगत फिरत होते.

"दुरुस्ती?" बाईंनी विचारलं.

"एक आहे," बाबा म्हणाले. "मुलीबद्दलचं वाक्य काढा."

"नाय काढायचा," काका म्हणाले. "बोललास ता बोललास."

"मग खाली लिहा, की सदस्याला त्याचं वाईट वाटतं."

"माझंही लिहा," मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "इतिवृत्तात झालेलं लिहितात," त्या म्हणाल्या. "नंतर सुचलेलं नाही. माफीबिफी मागायची असेल तर ती पुढच्या सभेत. त्यासाठी आधी सभा व्हायला लागते, आणि ती बोलवायचा अधिकार सेक्रेटरींना."

काकांनी खिशातलं पेन काढून हातात घेतलं. चाळीस वर्षं भाषणं टिपून या बाईने माणसांचं काय काय पाहिलं असेल, असं मला त्या वेळी वाटलं. तिने कुणाला एका शब्दाने शहाणपण शिकवलं नव्हतं, कुणाची बाजू घेतली नव्हती, आणि तरी आम्हा तिघांना पळायला जागा उरली नव्हती.

"उद्या," काका म्हणाले. "साडेपाच. येळेवर."

वही फिरली. पहिली सही मी केली. मग काकांनी केली, नाव आणि हुद्द्यासकट. मग बाबांच्या मांडीवर वही ठेवली. त्यांनी पेन धरलं, पण रेघ कुठे आहे ते त्यांना दिसेना. टोक कागदावर नुसतंच फिरत राहिलं. मी उठणार तेवढ्यात काका खुर्ची सरकवून पुढे आले आणि त्यांनी बाबांचं मनगट धरून पेन रेघेवर टेकवलं.

"हिथं. जरा खाली. माज्या सहीवं नको चढवू."

"तुझी सही पहिल्यापासून लांबलचक," बाबा म्हणाले. "दुसऱ्याने करायची कुठे?"

"कर रं," काका म्हणाले, आणि सही होईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.